दोन इंच फोम: मधू दंडवते, कोकण रेल्वे आणि आपण

आज मी आंजर्ल्यातून बोलतोय. घराच्या माडीवर बसलोय, खिडक्या बंद केल्यात, तरी मध्येच समुद्र ऐकू आला तर चालवून घ्या. आणि कोंबडा आरवला तर तो आमचा नाही, शेजारचा आहे. त्याला वेळेचं भान नाही.

आज एका खासदाराबद्दल बोलायचंय. थांबा, पुढचा भाग लावू नका! मलाही राजकारण्यांची चरित्रं ऐकायला आवडत नाहीत. जन्म अमुक साली, शिक्षण तमुक ठिकाणी, मग पदांची यादी, शेवटी ‘पोकळी निर्माण झाली’. तसं करणार नाही. मी मुळात सॉफ्टवेअरवाला माणूस. लोणेऱ्याहून बीटेक केलं, मग चार वर्षं बंगळुरात काढली, आता बरेचसे दिवस इथूनच काम करतो. राजकारण हा माझा प्रांत नाही. पण मागच्या वर्षी घरात एक गोष्ट घडली आणि त्यातून मी या माणसापर्यंत पोचलो. तिथूनच सुरू करतो.

दुपारी दोनला बाबांचा फोन आला. आजीचं बरं नव्हतं हे माहीत होतं. बाबा एवढंच म्हणाले, ‘निघ.’ बंगळुराहून संध्याकाळचं विमान मिळालं, मुंबईत उतरलो तेव्हा नऊ वाजत आले होते. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सुटते. रिझर्व्हेशन कुठलं मिळायला! जनरलचं तिकीट काढलं, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून स्लीपरमध्ये चढलो. टीसीने दंडाची पावती फाडली, ती गुपचूप भरली. एका काकांनी माझं तोंड बघितलं असावं. काही न विचारता पाय दुमडून घेतले आणि बर्थच्या टोकाला जागा करून दिली. पहाटे साडेतीनच्या सुमारास खेड आलं. मित्र गाडी घेऊन उभा होता. खेड, दापोली, आंजर्ले, पन्नासेक किलोमीटर. उजाडायच्या आत घरी.

आजीने डोळे उघडले, म्हणाली, ‘आलास? खाल्लंस का काही?’ दुपारी ती गेली.

तेराव्यानंतर बाबा आणि मी ओटीवर बसलो होतो. बाबा म्हणाले, ‘तुला भेट मिळाली. मला नव्हती मिळाली.’ मग त्यांनी १९८६ सालची गोष्ट सांगितली. बाबा तेव्हा मुंबईत नोकरीला, वय चोवीस. जुलै महिना. आजोबांची तब्येत बिघडल्याची तार आली. रात्रीची एसटी पकडली. कशेडी घाटात दरड आली होती, गाडी तासन् तास अडकली. तेव्हा आमच्या खाडीवर पूल नव्हता, एरवी हर्णैच्या बाजूने तरीतून यायचं. पण भर पावसाळ्यात तर बंद, म्हणून लांबचा वळसा. बाबा पोचले तेव्हा लोक स्मशानातून परत येत होते.

त्यानंतर बाबा जे म्हणाले, ते मला अपेक्षित नव्हतं. ‘दंडवत्यांची गाडी तेव्हा असती तर...’

मी विचारलं, दंडवते कोण? आपले खासदार होते का?

‘नाही रे. आपला मतदारसंघच नव्हता तो. ते राजापूरचे.’

आता मला सांगा, आपला नसलेला खासदार, चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि बाबा गाडीला त्याचं नाव देतायत. गाडीवर तर तसं काही लिहिलेलं नाही. तेव्हापासून मी मिळेल ते वाचत सुटलो. त्यातलं जे महत्त्वाचं वाटलं ते आज तुम्हाला सांगतो.

मधू दंडवते. जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगरचा, म्हणजे आताचं अहिल्यानगर. म्हणजे बघा, कोकणातले नव्हतेच. विषय भौतिकशास्त्र. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजात, ते वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवत होते. म्हणून लोक त्यांना शेवटपर्यंत ‘प्राध्यापक दंडवते’ म्हणत. राजकारण समाजवादी पक्षाचं. १९४२ च्या आंदोलनात होते. १९५५ ला गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले आणि पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार खाल्ला.

राजापूर मतदारसंघाचे खासदार आधी होते बॅरिस्टर नाथ पै. वेंगुर्ल्याचे. १९५७, १९६२, १९६७ अशा तीन निवडणुका जिंकलेले, संसद गाजवणारे वक्ते. जानेवारी १९७१ मध्ये ते अचानक गेले. वय अठ्ठेचाळीस. पाठोपाठ लोकसभा निवडणूक आली आणि तिकीट मिळालं दंडवत्यांना. ते साल इंदिरा गांधींच्या लाटेचं. प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरात मिळून फक्त दोन खासदार निवडून आले. त्यातले एक हे.

पुढे १९७७, १९८०, १९८४, १९८९. सलग पाच वेळा राजापूर. १९८४ ला तर महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या, तरी राजापूर हललं नाही. एकूण वीस वर्षं लोकसभेत.

आता मी थोडा हिशेब केला. सवयच आहे, आकडे दिसले की भागाकार करायचा. वीस वर्षांत दंडवते सत्तेत किती काळ होते? मार्च १९७७ ते जुलै १९७९ रेल्वेमंत्री. डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० अर्थमंत्री. झालं. दोन्ही मिळून तीन वर्षं आणि वर थोडे महिने. उरलेली जवळपास सतरा वर्षं विरोधी बाकांवर. म्हणजे प्रश्न विचारायचे, दुरुस्त्या सुचवायच्या, मतदानात हरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं. पक्षाची नावं बदलली, विलीनीकरणं झाली, फुटी झाल्या. पण सत्ता तिकडे आहे म्हणून हा माणूस तिकडे गेला नाही.

मध्ये तुरुंगही होता. २६ जून १९७५. आणीबाणी जाहीर झाली त्या दिवशी दंडवते बंगळुरात होते, एका संसदीय समितीच्या कामासाठी. समिती कशाची, तर पक्षांतरबंदीच्या विधेयकाची! सोबत वाजपेयी, अडवाणी. तिथेच सगळ्यांना अटक झाली आणि रवानगी बंगळूरच्या सेंट्रल जेलमध्ये. पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात. जवळपास दीड वर्ष नवरा एका तुरुंगात, बायको दुसऱ्या. दोघं एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. पुढे १९८० ला प्रमिलाताईही मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

तो बंगळूरचा जेल आता नाही. त्या जागी फ्रीडम पार्क आहे. मी तिथे कितीतरी वेळा गेलोय. शनिवारी मित्रांसोबत भटकायला, एकदा तर नुसतं झाडाखाली बसून कंपनीचा कॉल घ्यायला. जुन्या बराकी राखून ठेवल्यात, मी त्यांच्यासमोर सेल्फी काढलाय. ज्या माणसामुळे मी पुढे आजीपर्यंत पोचणार होतो तो इथे कोंडलेला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बरं, आता दोन इंच फोमवर येऊ.

१९७७ ला दंडवते रेल्वेमंत्री झाले. पहिल्यांदाच खासगी नाही, सरकारी खुर्ची. समोर प्रश्नांचा डोंगर. १९७४ च्या मोठ्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्या कामगारांना परत घेण्याचं काम त्यांच्या काळात झालं. पण आपल्या पिढीला रोज भेटणारा निर्णय दुसराच आहे. तोवर सेकंड क्लासच्या स्लीपरमध्ये बर्थ म्हणजे लाकडी फळी. मुंबईहून हावड्याला दीड-दोन दिवस फळीवर. गादी हवी असेल तर वरच्या वर्गाचं तिकीट. दंडवत्यांची भूमिका साधी होती: पहिल्या वर्गाचं काढून घ्यायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं. त्यांनी फळीवर दोन इंच फोम बसवायला सांगितला. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात तो होता. त्या गाडीला तेव्हा वरचा वर्गच नव्हता. सगळे डबे सारखे. पुढे दहाएक वर्षांत हा फोम देशभरातल्या गाड्यांत गेला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून मला हे फार भिडलं. आमच्याकडे सगळी हुशारी कुठे जाते? प्रीमियम फीचरमध्ये. पैसे भरणाऱ्याला काय जास्त देता येईल, यावर मीटिंगा. आणि फुकट वापरणाऱ्याला जे आपोआप मिळतं, त्या डिफॉल्टकडे कोणी बघत नाही. हा प्राध्यापक मंत्री झाला आणि त्याने डिफॉल्ट बदललं. डिफॉल्ट बदलणाऱ्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण लोकांना वाटतं हे असंच असतं. त्या रात्री काकांनी पाय दुमडून मला जी जागा दिली ना, ती त्याच दोन इंचांवर होती. मला वाटलं बर्थ असाच असतो.

आता कोकण रेल्वे. इथे एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर मी भक्तीत वाहत गेलोय असं वाटेल. ही रेल्वे एकट्या दंडवत्यांनी आणली नाही. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी कोकणात रेल्वे यावी म्हणून आयुष्यं घालवली. नाथ पैंनी ती मागणी लावून धरली. प्रत्यक्ष डोंगर फोडले ते ई. श्रीधरन यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी आणि मजुरांनी, आणि त्यात कितीतरी मजुरांचे जीव गेले.

मग दंडवत्यांचं काम काय? मला वाटतं, अडलेली गोष्ट हिशेबात बसवणं. अडचण अशी होती की रेल्वेच्या नेहमीच्या तिजोरीतून हा मार्ग कधी झालाच नसता. सह्याद्रीचे सुळके, नद्या, खाड्या, लाल मातीच्या दरडी. खर्च अफाट आणि मालवाहतुकीचं उत्पन्न कमी. नियोजनाच्या रांगेत कोकण कायम शेवटी. रेल्वेमंत्री असताना दंडवत्यांनी आपट्यापासून रोह्यापर्यंतच्या तुकड्याला चालना दिली. तो १९८६ ला सुरू झाला. म्हणजे आमचे आजोबा गेले त्याच साली रेल्वे रोह्यापर्यंत आली होती. रोह्यापासून खाली काही नाही.

१९८९ ला योग जुळला. व्ही. पी. सिंग पंतप्रधान, रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधू दंडवते. जॉर्ज जन्माने मंगळूरचे, म्हणजे मार्गाच्या दुसऱ्या टोकाचे. आणि तोडगा निघाला: नेहमीच्या रांगेत उभं राहायचंच नाही. वेगळं महामंडळ काढायचं. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, १५ सप्टेंबरला रोह्यात पायाभरणी झाली.

आणि नोव्हेंबरात सरकार पडलं.

पुढची निवडणूक १९९१ ची. तुम्हाला काय वाटतं? कोकणात रेल्वेचं काम सुरू करून दिलेला माणूस, वीस वर्षांचा खासदार. हरले. राजापूरमधून हरले! पुन्हा ते लोकसभेत दिसले नाहीत.

मी हे बाबांना विचारलं, की असं कसं? बाबा म्हणाले, ‘रूळ दिसत नव्हते ना अजून. लोक दिसतं त्याला मत देतात.’ असेल. पण मला दुसरंही वाटतं. अर्थमंत्री म्हणून त्यांचं वर्ष काही सगळंच गौरवाचं नव्हतं. त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला, ते चांगलंच झालं. त्याच सरकारने शेतकऱ्यांचं दहा हजारांपर्यंतचं कर्ज माफ केलं. त्याचा गरजूंना आधार झाला, पण बँकांचं वसुलीचं वळण बिघडलं अशी टीकाही झाली. देशाची परकीय चलनाची तिजोरी त्या काळात झपाट्याने रिकामी होत होती आणि १९९१ ला सोनं गहाण टाकायची वेळ आली. हे संकट एका वर्षात तयार झालेलं नव्हतं, पण ते रोखलं गेलं नाही, हेही खरं. वीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या खात्यात जमा आणि खर्च दोन्ही बाजू असणारच.

इकडे काम चालू राहिलं. जून १९९३ मध्ये गाडी वीरपर्यंत आली. मार्च १९९५ मध्ये आमच्या खेडला. नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे पूल दोन हजारांच्या आसपास. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावरून पहिली गाडी गेली. १ मे १९९८ ला पंतप्रधानांनी ती देशाला अर्पण केली. पंतप्रधान कोण? अटलबिहारी वाजपेयी. बंगळूरच्या जेलमधले दंडवत्यांचे सोबती. दंडवते त्याआधी १९९६ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, ते पद मार्चमध्येच सुटलं होतं. म्हणजे रेल्वे लोकार्पण झाली त्या दिवशी ते ना खासदार होते, ना मंत्री, ना उपाध्यक्ष.

१२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. २००८ च्या फेररचनेत राजापूर हा मतदारसंघही नकाशावरून गेला. आता तो भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये येतो. आमचं दापोली रायगडमध्ये.

शेवटी एक खटकणारी गोष्ट. ती सांगितली नाही तर हा भाग अर्धवट राहील.

गाडी आली, पण गाव भरलं का? गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा आंजर्लं भरतं. कड्यावरच्या गणपतीला रांग लागते. कासवांच्या दिवसांत पर्यटक येतात. एरवी माझ्या वर्गातली बहुतेक मुलं मुंबई-पुण्यात. गाडीने यायचं सोपं केलं तसं जायचंही सोपं केलं. मीही त्याच गाडीने गेलो होतो. गणपतीचं रिझर्व्हेशन सुटल्यावर काही मिनिटांत संपतं. मार्गाचा बराचसा भाग अजून एकेरी आहे. म्हणजे बाबांच्या पिढीचा प्रश्न सुटला, ‘पोचायचं कसं?’ आपल्या पिढीचा वेगळा आहे, ‘राहायचं कसं?’ आणि तो सोडवायला दंडवते येणार नाहीत.

हे सगळं वाचल्यावर मी एक छोटी गोष्ट केली, तुम्हीही करून बघा. मागच्या लोकसभेला मी मतदानाला आलो नव्हतो. यादीत नाव इथलं, मी बंगळुरात, रिलीज होती, एवढंच कारण. आता मी लोकसभेच्या संकेतस्थळावर जाऊन आमच्या मतदारसंघातून सभागृहात कुठले प्रश्न विचारले गेले ते वाचायला घेतलंय. सगळं तिथे आहे, फुकट आहे. प्रश्न, मंत्र्यांची उत्तरं, भाषणं. सतरा वर्षं विरोधी बाकांवर बसून माणूस काय करतो, हे मला अशा नोंदींतूनच कळलं. तुमच्या खासदारांनी गेल्या अधिवेशनात काय विचारलं, हे तुम्हाला माहितीये? मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. रील्स मात्र सगळी पाठ होती.

बाबा खालून हाक मारतायत, जेवायला वाढलंय. परवा त्यांना मुंबईला जायचंय, डोळ्यांच्या तपासणीला. खेडहून मांडवीचं स्लीपरचं तिकीट काढलंय. खालचा बर्थ मिळालाय. मी एसीचं काढू का विचारलं, तर म्हणाले, ‘कशाला? चांगला मऊ असतो की.’

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.